बैलाशिवाय देऊळघाट

रविवार, १ जुलै १९६२. बुलढाणा. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

आजपासून रोजनिशी. कारण कालपासून मी मोटारवाला आहे. घड्याळवाला तर तेवीस वर्षं आहेच.

मुन्सफसाहेबांची बदली झाली. त्यांची १९३७ सालची बेबी मोटार तिकडे नेणं शक्य नव्हतं. मी माझं लंबकाचं विलायती घड्याळ दिलं, त्यांनी मोटार दिली. सौदा झाल्याबरोबर साहेब टांग्यात बसले आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आवडती वस्तू सोडताना माणसाला गलबलून येतं, मी समजू शकतो.

रंग हिरवा. दारं दोन, पैकी डावीकडचं उघडतं. बंगल्यापासून घरापर्यंत गाडी झकास आली. ढकलणारे आठ होते, पण त्यातले दोघे नुसते आरडाओरडा करणारे, तेव्हा सहाच धरावेत.

अन्नपूर्णा दारात उभी होती. पाहत राहिली. मग म्हणाली, "हे ठेवाचं कुठी?" शेळीच्या छपराखाली ठेवली. शेळी ओसरीवर आली आहे. तिला सवय होईल.

संकल्प: (१) महिन्याच्या आत मोटार चालू. (२) अन्नपूर्णेला शेजारच्या सीटवर बसवून सबंध बाजारलाईनमधून फेरी. चौदा वर्षं झाली लग्नाला, कुठे जायचं तर ती भावाच्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, पोत्यांवर आणि मी मागून सायकलवर. हे आता पुरे. (३) पाचला उठणे. (आज सहाला उठलो, पण आज संकल्पाचा दिवस, अंमलाचा नव्हे.)

बुधवार, ४ जुलै. दुपारी ३.२५.

इंजिन उघडलं. लोक उगाच मिस्त्री-मिस्त्री करतात. मोटार म्हणजे मोठं घड्याळ. याला चाकं, त्याला चाकं. फरक एवढाच की घड्याळाच्या चाकांना शेण लागत नाही.

भाग सुटे करून घासलेटने धुतले आणि परातीत, पाटावर, दोन ताटांत आणि पोळपाटावर मांडले. अन्नपूर्णा विचारून गेली की पोळ्या कशावर लाटू. तिला यंत्रात रस वाटू लागला आहे.

सोमवार, ९ जुलै. सकाळी ११.४०.

इंजिन जोडलं. एक स्प्रिंग आणि दोन नट उरले. घड्याळातही कधीकधी उरतं. गिऱ्हाइकांनी आजवर तक्रार केलेली नाही. (कचरू तलाठ्याच्या घड्याळाचा काटा उलटा फिरतो, पण तो वेगळा विषय आहे.)

हँडल मारलं. एकशे चाळीस वेळा. कंबर धरली.

गुरुवार, १२ जुलै. सायंकाळी ५.४२.

चालू झाली! बरोब्बर ५ वाजून ४२ मिनिटांनी!

शकूर मिस्त्रीला बोलावलं होतं, नुसतं पाहायला. तो जिनिंगची इंजिनं करतो, त्यामुळे हाताला जरा जाडा. त्याने माझं जोडलेलं सगळं उघडलं, "हे कोनं केलं?" असं तीनदा विचारलं, आणि चार तास लावून परत जोडलं. मी मार्गदर्शन करत होतो. शेवटी तो म्हणाला, "उकंडरावभौ, तुमी जरा घरात जाऊन चाय पिऊन या." मी चहा पीत असताना चालू झाली.

सगळी गल्ली जमली. धूर इतका की समोरची गोजरबाई आग लागली म्हणून घागर घेऊन आली. शेळीने दोरी तोडली. मी हसत होतो आणि मला थांबता येईना. अन्नपूर्णासुद्धा हसली, पदर तोंडाला लावून, पण हसली.

रविवार, १५ जुलै.

आज एक ऐतिहासिक गोष्ट: दि बुलढाणा स्मॉल मोटार क्लब. स्थळ, माझं दुकान. सभासद तीन. मी (अध्यक्ष). लाकडाच्या वखारीचे जहांगीरभाई (उपाध्यक्ष), यांच्या गाडीचा हॉर्न जिल्ह्यात सर्वोत्तम आहे, बाकी गाडीवर काम चालू आहे. आणि अर्जुनराव कंपाउंडर (सेक्रेटरी), यांची फटफटी आहे, बाजूला डबा जोडलेली. मोटार म्हणजे चार चाकं असं आधी घटनेत लिहिलं होतं. मग "तीन किंवा अधिक" असं केलं, नाहीतर सेक्रेटरी उरत नव्हता.

नियम ४ मी स्वतः सुचवला: कोणाही सभासदाने आपल्या वाहनाला बैल जोडू नये. जहांगीरभाई म्हणाले, "अध्यक्षसाब, और चारा क्या है?" मी म्हणालो, जमाना बदलला. रशियन माणूस आकाशात फिरून आला आणि आपण अजून शेपूट पिळत बसलो आहोत. टाळ्या पडल्या. (दोन जण होते, तरी पडल्या.)

रविवार, २२ जुलै. दुपारी १.१५.

चाचणी. निघालो १०.००. बाजारापर्यंत उत्तम. बाजारात गाडीने विश्रांती घेतली.

भाजीबाजाराच्या ऐन मध्यात घेतली, ही जागा मी निवडली नसती. एका दाढीवाल्या शेतकऱ्याने न विचारता आपले बैल सोडून पुढे जुंपले. नियम ४ त्याला समजावून सांगत होतो, तोवर त्याने घरापर्यंत आणून सोडलं.

वाईट एवढंच की अन्नपूर्णा तिथेच वांगी घेत होती. तिने पाहिलं. पिशवी उचलून पुढे चालू लागली आणि माझ्या आधी घरी पोचली. दुपारी भाकरी वाढताना म्हणाली, "ज्या दिवशी तुमची मोटार बैल न लावता देऊळघाटले पोचन ना, त्या दिवशी मी बसीन. तोवर माह्या भावाची दमणी बरी."

देऊळघाट तिचं माहेर. सहा मैल. फक्त सहा!

हिने अट घातली याचा अर्थ हिला बसायचं आहे. ज्याला बसायचं नसतं तो अट घालत नाही. आज मी अत्यंत आनंदात आहे.

रविवार, २९ जुलै.

मेहुणे हिंमतराव आले होते. देऊळघाटला शेती. नवी बैलजोडी घेतली आहे, दोन तास तिचंच. यंदा गावच्या पोळ्यात मानाचा बैल त्यांचा, तोरणाखालून पहिला तोच जाणार. बैलाविषयी माणसाने किती बोलावं?

मग मोटार पाहिली. बॉनेटवर थाप मारली, मागच्या मडगार्डवरून हात फिरवला, पुढे वाकून पाहिलं आणि विचारलं, "किती दातांची हाये?" मी सांगितलं, १९३७ ची. म्हणाले, "मंग तर इकून टाका जवाईबुवा. पंचवीस वर्षांचं जनावर काय कामाचं?"

अन्नपूर्णा इतकी हसली की तिला ठसका लागला. भावाचा विनोद नेहमीच जास्त विनोदी असतो.

रविवार, ५ ऑगस्ट.

गाडीवर बसून सराव. गाडी छपराखालीच होती, पण गिअर, ब्रेक, हॉर्न सगळं केलं. तोंडाने आवाजही काढला. ब्रेक लागत नाहीत असं शकूर म्हणतो. मी म्हणालो, आपल्याकडे थांबण्याची अडचण कधी आलेलीच नाही.

पाचला उठण्याचा संकल्प पुढील महिन्यापासून.

रविवार, १२ ऑगस्ट. सकाळी ९.०५.

क्लबची सभा. विषय: बुलढाणा ते देऊळघाट आणि परत, क्लबची पहिली रॅली. अडचण एकच, रस्ता. रस्त्यावर खाचरं, छकडे, दमण्या. गाडीवान झोपलेला, बैल मध्यातून चाललेले, हॉर्न वाजवा की आणखी मध्यात येतात.

तेव्हा मला ते सुचलं. मी उठून उभा राहिलो. विचारलं, सज्जनहो, वर्षात असा कोणता दिवस आहे की ज्या दिवशी एकही बैलगाडी रस्त्यावर नसते?

सेक्रेटरी विचार करू लागले. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, पोळा!

बुधवार, २९ ऑगस्ट. त्या दिवशी बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही. रस्ता संपूर्ण रिकामा! असं इतकी वर्षं कोणालाच कसं सुचलं नाही?

शकूर मिस्त्री दारात प्लग पुसत बसला होता. म्हणाला, "पर भौ, पोळ्याले बैल नाई भेटत." मी म्हणालो, तेच तर! तो पुन्हा प्लग पुसू लागला. अशा कल्पना सामान्य माणसाच्या डोक्यात उतरायला वेळ लागतो.

बुधवार, १५ ऑगस्ट.

ध्वजवंदनाला मोटारीने गेलो. उतार असल्याने उत्तम गेली. येताना पायी आलो. हवा छान होती.

रविवार, १९ ऑगस्ट. दुपारी १२.००.

रॅलीचं वेळापत्रक तयार. तीन रंगांच्या शाईने लिहिलं. प्रस्थान ९.००. देऊळघाटच्या अलीकडचा नाला ९.४०. गावप्रवेश ९.४४. सत्कार ९.५०. मी घड्याळवाला आहे. माझ्या गाडीला एक मिनिट उशीर झाला तर दुकानाची पाटी उतरवावी लागेल.

रविवार, २६ ऑगस्ट.

तीन मैल गेली! आणि तीन मैल आली! न ढकलता, न ओढता! परत आल्यावर अन्नपूर्णेला हाका मारून बाहेर बोलावलं, कारण बंद केली असती तर कदाचित पुन्हा चालू झाली नसती. ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, धडधडणाऱ्या गाडीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "गरम झाली बिचारी."

बिचारी! आजवर ती गाडीला "ते" म्हणत होती.

मंगळवार, २८ ऑगस्ट. सकाळी ८.३०.

दरवर्षीप्रमाणे हिंमतराव दमणी घेऊन बहिणीला न्यायला आले. आज खांदमळणी. संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळायचे आणि त्यांना सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे झाल्यावर दोन दिवस बैल मालक आणि मालक चाकर. म्हणून आजच जायला हवं.

अन्नपूर्णा दमणीत चढली. मी म्हणालो, उद्या ९.४४ ला येतो. तुला घेऊन परत. पुढच्या सीटवर. ती पोत्यांवर नीट बसली. दमणी वळली तेव्हा मागचा पडदा सरकवून म्हणाली, "जपून या. नाल्याले पानी हाये."

खरं सांगायचं तर दमणी गेल्यापासून वेळापत्रक चार वेळा वाचलं. भीती नव्हे. आनंदच असावा. पण जर उद्या नाही झालं, तर ती पुन्हा कधी अट घालणार नाही, हे मला माहीत आहे. अट संपली की मग पोतीच.

आज सगळं इस्त्रीचं काढून ठेवलं. टोपी दोनदा बदलली.

बुधवार, २९ ऑगस्ट. पोळा. सकाळी ८.५८.

गाडी चालू. उपाध्यक्ष येत नाहीत, त्यांची गाडी सुरू झाली नाही. मात्र अर्धा तास वखारीतून हॉर्न वाजत होता, त्यावरून त्यांचा उत्साह कळला. सेक्रेटरी फटफटीवर पुढे. शकूरने टोपी काढून सलाम केला, जरा जास्तच गंभीरपणे. निघालो.

त्याच दिवशी, सकाळी ९.३८.

नाला. (चालत्या गाडीत लिहितोय, अक्षर माफ.) रस्ता रिकामा! सहा मैलांत एकही गाडी नाही! मी गात होतो! सेक्रेटरी नाल्यात उतरून पलीकडे गेले, पाणी त्यांच्या गुडघ्याला. ओरडून सांगताहेत, थांबा, पाणी उतरू द्या, तासाभरात उतरेल. तासाभरात! वेळापत्रकात नाला ९.४० आहे.

त्याच दिवशी, सकाळी ९.४३.

नाल्याच्या मध्यावर आहे. वेळेत पोचलो, हे नमूद करतो.

त्याच दिवशी, सकाळी १०.२०.

इंजिनात पाणी गेलं. बूट हातात आहेत. हँडल मारताना हँडल वाहून जात होतं, पकडलं.

नाल्यात मी एकटा नाही. सबंध देऊळघाटचे बैल आंघोळीला आलेत. मोजले: चाळीस जोड्या. धुतलेले, चकचकीत, शिंगांना वारनीस, गळ्यात घुंगरं. गाडीभोवती गोल करून उभे आहेत आणि माझ्याकडे पाहताहेत. एक तर मडगार्डला मान घासतोय. ऐंशी बैल! यातले दोन लावले तर गाडी दोन मिनिटांत बाहेर येईल.

त्याच दिवशी, सकाळी १०.४५.

हिंमतरावांशी बोलणं झालं. ते आपल्या बैलाला नारळाच्या शेंडीने घासत होते. मी फक्त सूचकपणे विचारलं. म्हणाले, "आज? पोळ्याले? जवाईबुवा, खुद्द कलेक्टर बुडून राह्यला असता तरी आज बैलाच्या खांद्यावर जू नाई ठेवलं असतं."

मी म्हणालो, नियम ४ नुसार मलाही चाललं नसतंच. तेव्हा आम्हा दोघांचं एकमत आहे.

आत्ता लक्षात येतंय, शकूर त्या दिवशी काय म्हणत होता.

त्याच दिवशी, दुपारी १२.५०.

भूक. सेक्रेटरींनी गावात वर्दी दिली होती की अध्यक्ष येत आहेत. त्यामुळे बघायला सगळा गाव आला. बायका काठावर बसल्यात. एक म्हातारी विचारून गेली की हे कोणत्या देवाचं वाहन.

अन्नपूर्णा आली. काठावर उभी राहून बघत होती. मी पाण्यातूनच सांगितलं की किरकोळ दोष आहे. तिने विचारलं, "जेवले का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मंग थांबा. आधी बैल जेवतीन." खरंच आहे. आज पुरणपोळी पहिली त्यांना.

तिने अटीचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी, दुपारी ३.३५.

बैल जेवले. मग मी जेवलो, सीटवर पाय वर घेऊन. पाणी उतरलं. आता पाटील शेषराव आठ माणसं आणि नाडा, म्हणजे जाड दोरखंड, घेऊन आलेत. संध्याकाळी नाल्यावरूनच बैल तोरणाकडे जायचे आहेत, मध्ये हे नको, असं त्यांचं म्हणणं. माणसं ओढणार. मी स्टेअरिंगला बसलो. पाटील म्हणाले, "तुमी उतरा. गाडीत कोनी हलकं बसवा. तुमच्या वजनानं चाकं रुतून राह्यले." मी म्हणालो, अध्यक्षाला शोभेल एवढंच वजन आहे. पण उतरलो.

हलकं कोण? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मोटारीत बसायला एकही गडी तयार होईना.

तेव्हा अन्नपूर्णा लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरली.

गुरुवार, ३० ऑगस्ट. देऊळघाट, मेहुण्यांची ओसरी. सकाळी.

वेळ माहीत नाही, मनगटावरचं घड्याळ पाण्याने थांबलं. कालचं लिहायचं राहिलं, कारण बोटं मिटत नव्हती.

ती आली आणि डावं दार उघडून सरकत सरकत स्टेअरिंगपाशी बसली. मी म्हणालो, अगं, तुझी अट? ती म्हणाली, "बैल कुठी लावले? मानसं लावले. अट बैलाची होती." आणि दोन्ही हातांनी चाक धरलं, जात्याचा खुंटा धरावा तसं.

आम्ही ओढू लागलो. नाड्याच्या पुढच्या टोकाला मी. पिसासारखी हलकी समजत होतो मी गाडीला, ती किती जड आहे हे तिच्यात बसून कळत नाही. चढ संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे. चढ संपला आणि सगळ्यांनी हुश्श करून नाडा सोडला.

पुढे उतार आहे, हे गावच्या लोकांना माहीत असतं तर बरं झालं असतं. म्हणजे माहीत होतं, पण उताराने बैलगाडी पळत नाही, त्यामुळे कोणी तसा विचार केला नव्हता.

गाडी निघाली. आम्ही मागे धावतोय. मी ओरडतोय, ब्रेक, ब्रेक! मग आठवलं. आता ओरडतोय, हॉर्न, हॉर्न! खाली मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण, तोरणाच्या अलीकडे झुली घातलेले बैल रांगेत, सगळ्यांत पुढे हिंमतरावांचा मानाचा बैल, डोक्यावर बाशिंग. डफडं वाजतंय. आणि मधून माझी हिरवी मोटार, तीत अन्नपूर्णा, पदर उडतोय, आणि ती हसतेय! तोंडाला पदर न लावता, मोठ्याने! चौदा वर्षांत असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला धावता धावता रडू आलं, हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

बैल बाजूला झाले, बैलांना माणसांपेक्षा कळतं. मोटार तोरण तोडून पलीकडे गेली. मानाच्या बैलाच्या आधी! देवळामागच्या कडब्याच्या गंजीत जाऊन थांबली. डफडं बंद पडलं.

हिंमतरावांचा चेहरा पाहवत नव्हता. अन्नपूर्णा गंजीतून बाहेर आली, डोक्यात कडबा, सरळ भावाच्या बैलापाशी गेली, त्याचे पाय धरले आणि म्हणाली, "राजा, माफ कर. माह्या मोटारीले बिरेक नाई."

माह्या मोटारीले!

पाटलांनी निकाल दिला: मोटारीला शिंगं नाहीत, शेपूट नाही, सबब ती बैल नाही, सबब तोरण तुटलं असं धरता येत नाही. नवं तोरण बांधा. बांधलं. हिंमतरावांचा बैल पहिला गेला. आणि मग कुणा पोराटोराने नव्हे, चांगल्या पांढऱ्या मिशीच्या माणसाने कानावर हात ठेवून झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली:

हिरवी हिरवी मोटार, तिले नाई शिंगं,
पान्यात जाऊन बसली, उठाची नाई मंग.
बैल म्हने बाई, ओढू काऊन तुले?
आज माहा पोळा, सुट्टी हाये मले!

हर हर महादेव झाला. पाऊण गाव हसत जमिनीवर बसलं. हिंमतराव शेवटी हसले. माझ्याही नकळत मीही.

रात्री अन्नपूर्णेने माझे खांदे हळद-लोण्याने चोळले. बैलांचं उरलं होतं म्हणाली. मी विचारलं, कसं वाटलं गाडीत? तिने आणखी थोडं लोणी घेतलं. मग म्हणाली, "चांगलं वाटलं. पन बाजूची सीट रिकामी होती." आणि चोळत राहिली.

आज पोळ्याची कर. बैलांची सुट्टी आजही आहे. माझीही.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट. बुलढाणा. दिवेलागण.

घरी आलो.

सकाळी हिंमतरावांनी स्वतः बैल आणले. बहिणीला पोचवायची जबाबदारी भावाची, म्हणाले, आणि दमणीऐवजी मोटारीला जुंपले. मानाचीच जोडी. मी म्हणालो, क्लबचा नियम आहे. ते म्हणाले, "तुमचा क्लब गेला फटफटीवर, काल रातीच." सेक्रेटरी खरोखरच निघून गेले होते.

मी म्हणालो, मी चालत येतो. अन्नपूर्णा केव्हाच आत बसली होती, डावीकडे. दार उघडंच ठेवलेलं. उजवीकडच्या सीटवर तिने दोनदा थाप मारली. तिच्यावरून सरकत आत जावं लागतं, म्हणून ती खाली उतरली, मला आत जाऊ दिलं आणि पुन्हा बसली.

आज रस्त्यावर सगळ्या गाड्या होत्या. जिल्ह्यातली झाडून सगळी खाचरं आजच निघाली असावीत. प्रत्येक गाडीवान थांबून हिंमतरावांना विचारत होता आणि हिंमतराव प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. मी सरळ पुढे बघत होतो. टोपी नीट होती.

बाजारलाईनमधून आलो, दुकानावरून. शकूर मिस्त्री उठून उभा राहिला. वखारीतून हॉर्न वाजला. गोजरबाई ओट्यावर आली. सगळ्यांनी पाहिलं, तिला आणि मला, शेजारी शेजारी.

बैल डावीकडे वळले की मी स्टेअरिंग डावीकडे फिरवत होतो, उजवीकडे वळले की उजवीकडे. चौकाजवळ अन्नपूर्णेच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं, "काय करून राह्यले?"

मी म्हणालो, चालवतोय.

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. आमची गल्ली दिसू लागली तसा तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मंग जरा सावकाश चालवा ना. घर आलंच."

मी ब्रेक दाबला. बैल आपल्याच चालीने चालत राहिले.